वरचं अन्न: थुंकणं, उमासे, खडा होणं आणि ‘काही खातच नाही’

चमचाभर

उष्टावणाला मामाच्या हातून खीर चाटून होते, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ तोंड फिरवायला लागतं. तेच चार-पाच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून हा एकत्र धागा. विनंती एकच: ‘आमच्याकडे अमुक दिलं आणि पोर गुटगुटीत झालं’ छापाचे अनुभव नकोत. काय, किती, कसं आणि का, तेवढं लिहा.

सुरुवात थुंकण्यापासून. पहिले काही दिवस बाळ घास जिभेने बाहेर ढकलतं, तो बहुतेकदा नकार नसतो. दूध ओढताना जीभ पुढे-मागे होते, घास मागे न्यायची हालचाल वेगळी असते आणि ती शिकायला एक-दोन आठवडे लागतात. चमच्याची पद्धत चुकली की हा काळ लांबतो. आपण चमचा तोंडात घालतो आणि बाहेर काढताना वरच्या हिरडीला पुसून घेतो. त्यात ओठ मिटायचं काम आपणच करून टाकतो, घास जिभेच्या टोकावर पडतो आणि बाहेर येतो. त्याऐवजी उथळ, छोटा चमचा आडवा धरून खालच्या ओठावर टेकवा आणि थांबा. बाळ वरचा ओठ खाली आणेल. मग चमचा सरळ मागे घ्या, वर उचलू नका. अर्ध्या चमच्याहून जास्त भरू नका.

६ महिने पूर्ण (१८० दिवस) झालेत, आधाराने बसतं, मान स्थिर आहे, आपल्या ताटाकडे झेपावतं, अशी चिन्हं असतील तर सुरू करा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजावं लागतं, त्याबाबत डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पुरणयंत्र

थुंकण्यात घट्टपणाचा वाटा मोठा असतो, त्यावर लिहितो.

मऊ भात, बटाटा मिक्सरमधून काढू नका. पात्याने स्टार्चचे कण फुटतात आणि खळीसारखा चिकट गोळा होतो. तो टाळूला चिकटतो, बाळाला उमासा येतो आणि घरी निष्कर्ष निघतो की ‘याला भात आवडत नाही’. तोच भात पुरणयंत्रातून किंवा पिठाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने दाबून काढा. मऊ होतो, चिकट होत नाही.

खिमटीचं प्रमाण: २ वाट्या तांदूळ, १ वाटी मूगडाळ. धुऊन सुती फडक्यावर सावलीत खडखडीत वाळवायचं, मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं (डाळ लवकर लागते, एकत्र भाजली तर करपते), अर्धा चहाचा चमचा जिरं घालून बारीक रव्याइतकं भरडायचं. कोरड्या डब्यात पंधरा दिवसांपुरतीच करा. शिजवताना २ पोह्याचे चमचे भरड आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायची, नाहीतर गुठळ्या होतात. एकूण पाणी दीड वाटी, १० ते १२ मिनिटं मंद आचेवर. उतरवल्यावर एक चहाचा चमचा तूप.

घट्टपणाची खूण: चमचा तिरका केला तर अन्न हळूच घसरावं, ओघळू नये.

नदीकाठ

वरणाचं पाणी, भाताची पेज हे पहिले पंधरा दिवस तरी चालेल ना? पचायला हलकं म्हणून सगळ्याच घरांत तेच सांगतात.

अंगणवाडीताई

नदीकाठ, चालत नाही, आणि हिशोब केला की का ते दिसतं.

६ ते ८ महिन्यांत दुधाव्यतिरिक्त दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. हे आईचं दूध ठीक चालू आहे असं धरून. आता बाळाचं पोट बघा: एका वेळी वजनाच्या किलोमागे ३० ग्रॅमच्या आसपास मावतं. ७ किलोचं बाळ असेल तर २१० ग्रॅम, तेही काठोकाठ. एका वाटी पातळ नाचणीच्या पेजेत १० ग्रॅम पीठ असतं, म्हणजे जेमतेम ३२-३५ कॅलरी. २०० गाठायला सहा वाट्या! पोट भरतं, बाळ तोंड फिरवतं, दुधालाही जागा उरत नाही आणि वजन अडकतं. वरणाच्या पाण्यात तर डाळ तळाशी राहते आणि बाळाच्या वाट्याला पिवळं पाणी येतं. गाळायचंच नाही, अख्खी डाळ घोटून द्यायची.

एक चहाचा चमचा तूप किंवा तेल म्हणजे ४० कॅलरी, आणि त्याने अन्न सैलही होतं. वाटीमागे एक चमचा पुरे. चार चमचे घातले तर बाळ दोन घासांत थांबतं आणि डाळ-भाजी मागे राहते.

किती वेळा: सुरुवातीला दिवसातून २-३ वेळा, २-३ मोठे चमचे, वाढवत ८ महिन्यांपर्यंत आमटीची लहान वाटी. ९ महिन्यांपासून ३-४ वेळा, शिवाय मधलं एखादं खाणं. आकडे दिशा दाखवायला आहेत, वाटी संपवून घ्यायला नाहीत.

वेलदोडा

इथे मोडाच्या नाचणीचा एक उपयोग सांगण्यासारखा आहे. पौष्टिक म्हणून सगळे करतात, पण मोड आणायचं खरं कारण वेगळं आहे.

मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारं एन्झाइम तयार होतं. म्हणून २५ ग्रॅम साध्या पिठाची वाटीभर लापशी गोळा होते, तर मोडाच्या पिठाची तेवढीच लापशी सैल राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत दुप्पट धान्य मावतं. साध्या पिठाची घट्ट लापशी असेल तर खाली उतरवून बोट सोसेल त्याहून थोडी गरम असताना एक चहाचा चमचा मोडाचं पीठ ढवळा. पाच-दहा मिनिटांत सैल होते. मग पुन्हा एक उकळी द्या. कच्चं पीठ तसंच देऊ नका, मोड आणताना जंतूही वाढलेले असतात.

कृती: नाचणी ८-१० तास भिजत, निथळून ओल्या फडक्यात २४ ते ३६ तास (थंडीत जास्त), मोड दाण्याएवढे झाले की सावलीत वाळवून अगदी हलकी भाजायची. खमंग भाजली की एन्झाइम मरतं आणि सगळी खटपट फुकट. आंबूस वास आला, तार सुटली तर तो घाणा टाकून द्या.

आणि हो, ‘निम्म्या जेवणात वाटीतली पेज पाणचट झाली, दूध फाटलं का?’ असं बरेच जण विचारतात. फाटलेलं नसतं. तोच चमचा तोंडात आणि वाटीत फिरतो, लाळेतही स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. म्हणून लहान वाटीत थोडंच काढून घ्यायचं. उष्टं उरलेलं पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

काटेकोर

वरच्या प्रतिसादांना अनुमोदन, पण नाचणीचा उदो उदो जरा आवरू या. कॅल्शियमसाठी ती उत्तम आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोहासाठी तिच्यावर विसंबू नका. जे ४-५ मिलिग्रॅम आहे, त्यातलंही फायटेटमुळे (धान्यातला लोह बांधून ठेवणारा घटक) फार थोडं शोषलं जातं. मोड आणल्याने फरक पडतो, पुरेसा नाही.

लोहाचा मुद्दा ‘खात नाही’शी थेट जोडलेला आहे. जन्मताना आणलेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. साठा संपला की भूक मंदावते, भूक मंदावली की लोह आणखी कमी जातं. चक्र तिथे फिरतं. म्हणून:

• अंडं, चिकन-मटणाचा घोटलेला खिमा, मासे चालत असतील तर सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच. अंडं पूर्ण उकडलेलं, पिवळा-पांढरा दोन्ही. पापलेटसारख्या माशाचे काटे बोटांनी चाचपून काढा, डोळ्यांवर भरवसा नको. मुशी (शार्क) देऊ नका, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.
• शाकाहारी घरात डाळ-उसळीच्या घोटलेल्या घासावर लिंबाचे चार थेंब. क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं.
• ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप मिळतं (२० मिलिग्रॅम लोह, १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड). आशाताईकडे मागा. जेवणानंतर द्या, दुधात मिसळू नका. शी काळपट होते, घाबरू नका. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, बाळ आजारी असेल किंवा डॉक्टरांनी वेगळं लोह सुरू केलं असेल तर आधी विचारा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आई पूर्ण शाकाहारी, दूध-दही बेताचंच, आणि बाळ आठ-नऊ महिन्यांचं होऊनही फक्त अंगावर असेल, तर बी-१२ ची कमतरता डोक्यात ठेवा. बाळ मलूल, हसत नाही, बोटांच्या पेरांवर काळसरपणा, केस विरळ-भुरकट, आधी येत असलेलं बसणं किंवा मान धरणं मागे गेलेलं, आणि घास तोंडात घेतच नाही. हे ‘नखरे’ नसतात. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठा, उपाय आहे आणि उशीर महाग पडतो.

तूपभात

उमासा आणि घास अडकणं यातला फरक कोणीतरी सविस्तर लिहा. घरातले ज्येष्ठ पहिल्या उमाशाला घाबरून पुन्हा मिक्सरवर जातात.

ओटा

लिहिते. ही माहिती बाळाला भरवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी, आजी-आजोबा आणि सांभाळणाऱ्या मावशी धरून.

उमासा: आवाज होतो. बाळ जीभ बाहेर काढतं, लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, खोकतं, घास पुढे येतो. लहान बाळाला उमासा आणणारी जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून घास घशापासून लांब असतानाच तो येतो. हे संरक्षण आहे. शांत बसा, बोट घालू नका, पाणी ओतू नका. खेचाखेच केली की पुढे आलेला घास मागे जातो.

अडकणं: आवाज नसतो. खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर पडतात. अशा वेळी:

१. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ थापा.
२. निघालं नाही तर उताणं करा, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ५ दाब.
३. घास निघेपर्यंत हे आलटून-पालटून. दुसऱ्या कोणालातरी १०८ लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) सुरू करा.

वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होते. दिसत नसलेला तुकडा बोटाने काढायला जाऊ नका. पाय धरून उलटं झटकणं तर अजिबात नको.

अडकवणाऱ्या वस्तू आपल्या घरात ठरलेल्या आहेत: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळिंबाचे दाणे, खोबऱ्याची कातळी, अख्खं द्राक्ष (द्यायचंच तर बिया काढून उभे चार काप), कच्च्या गाजराचा तुकडा, सफरचंदाची फोड. आणि दात येताना चघळायला दिली जाणारी खारीक. अर्धा तास लाळेत भिजली की तिचा तुकडा सुटतो, आणि नेमकं तेव्हा कोणी बघत नसतं. खारकेची पूड लापशीत शिजवा, अख्खी हातात देऊ नका.

बसवणंही त्यातच आलं. पायांवर आडवं घेऊन बोंडल्याने पेज ओतणं थांबवा. ओतलेलं अन्न बाळाच्या गिळण्याची वाट बघत नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाठ ताठ, मांडीवर किंवा खुर्चीत, पावलांखाली आधार. पाय लोंबकळत असले की बाळ सगळी ताकद तोल सांभाळण्यात घालवतं आणि लवकर कंटाळतं. खुर्चीला पायटा नसेल तर जुन्या पुस्तकांचा गठ्ठा बांधा.

पुरणयंत्र

तूपभात, मिक्सरवर परत जाण्याचा तोटाही लक्षात घ्या. ९-१० महिन्यांपर्यंत गुठळीचा घास तोंडात गेलाच नाही, तर पुढे चावायच्या पदार्थांना नकार जास्त दिसतो. मध्ये एकदम उडी मारू नका: चाळणीवर काढलेलं, मग काट्याने कुस्करलेलं, मग बोटांत दाबून विरघळेल असा तुकडा (उकडलेल्या लाल भोपळ्याची बोटभर फोड, पिकलेलं केळं, इडलीची कड). एकसारख्या गुठळ्या चालतात. पातळ पाण्यात तरंगणाऱ्या गुठळ्या सर्वात अवघड, कारण तोंडात एकाच वेळी पाणी गिळायचं आणि तुकडा चावायचा असतो. पातळ आमटीत भाताची शितं हा प्रकार म्हणूनच फसतो.

नदीकाठ

खडा होतो त्याचं काय? दोन दिवस शी नाही आणि घरात विड्याच्या पानाचा देठ तेल लावून तयार आहे.

अंगणवाडीताई

देठ आणि साबणाची कांडी दोन्ही परत ठेवा. आतली त्वचा सोलवटते, दुखतं, मग बाळ शी दाबून धरतं आणि खडा वाढतो.

आधी हे खरंच बद्धकोष्ठ आहे का बघा. दोन दिवसांनी मऊ शी होत असेल तर नाही. लेंडीसारखे कोरडे खडे, रडणं, कधी रक्ताची रेघ, हे बद्धकोष्ठ. वरचं सुरू झाल्यावर कारणं साधारण तीन: नुसता भात-नाचणी-केळं यांचाच फेरा, पाणी शून्य, किंवा गाईचं दूध वरून सुरू केलेलं. वर्षाआधी गाईचं दूध मुख्य पेय म्हणून नको. दही किंवा शिजवण्यात थोडं दूध चालतं.

उपाय: जेवणासोबत उघड्या छोट्या पेल्यातून घोट-घोट पाणी, दिवसभरात ६० ते १२० मिली. पपई, पेअर, घोटलेली पालेभाजी. ४-५ काळ्या मनुका रात्री भिजवून, सकाळी त्याच पाण्यात कुस्करून, चाळणीवर गाळून. केळं ठिपके पडलेलं पिकलेलं घ्या, हिरवट केळ्यात न पचणारा स्टार्च जास्त असतो. दिवसातून दोन-तीनदा पाय सायकलसारखे फिरवा. आठवड्यात फरक नाही, पोट फुगलंय, उलटी होते किंवा रक्त येतंय तर डॉक्टर.

वेलदोडा

शीवरून आठवलं. केळं खाल्ल्यावर शीत बारीक काळे धागे दिसतात आणि लोक जंतांचं औषध मागायला धावतात. ते केळ्याच्या मधल्या भागाचे तंतू असतात, हलत नाहीत. गाजराचे तुकडे जसेच्या तसे येणं, बिटाने लाल होणं हेही चालतं.

सह्यकडा

बाळाला मीठ-साखर नको म्हणून सगळीकडे इतका गदारोळ कशाला? चिमूटभर मिठाने काय होतंय, बेचव अन्न कोण खाईल?

काटेकोर

बेचव ते आपल्याला. बाळाने मीठ चाखलेलंच नाही, त्याची तुलना दुधाशी आहे. पहिल्या वर्षी दिवसभराचं मीठ १ ग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा-सहावा हिस्सा, आणि त्यातला काही भाग दूध-दह्यातून आपोआप जातो. बिस्किट, पाव, मेतकुटातलं मीठ धरलं की उरतंच काय? चव आणायला जिरं, हिंग, कोथिंबीर, चिमूटभर दालचिनी आहे. घरच्या डाळीतून मीठ-तिखट घालण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढली की वेगळा स्वयंपाकही नाही. साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळलेला बरा. मध वर्षाआधी चाटवायलासुद्धा नको: त्यातले बॉट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) जंतूंचे बीजाणू लहान आतड्यांत रुजू शकतात आणि उकळूनही मरत नाहीत. सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याचा संस्कार आहे तिथे अंगठी नुसती ओठाला लावा.

ॲलर्जीच्या भीतीने शेंगदाणा-अंडं उशिरा द्यायचा सल्ला आता मागे पडला आहे. शेंगदाण्याचं गुळगुळीत वाटण अर्धा चमचा कोमट पाण्यात पातळ करून, सकाळी, बाळ ठणठणीत असताना. दोन तासांत गांधी, ओठ सुजणं, वारंवार उलट्या झाल्या तर थांबवून डॉक्टरांकडे. श्वासाला त्रास झाला तर थेट इस्पितळ. चट्टे येऊन सतत खाजणारा तीव्र एक्झिमा किंवा आधीची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तूपभात

सगळं नीट करूनही तोंड घट्ट मिटतं, मोबाइल लावला तरच उघडतं. मग?

चमचाभर

आधी वेळ बघा. दुधानंतर अर्ध्या तासात वाटी समोर आली तर भूक कुठून असणार? दूध आणि जेवण यात दीड-दोन तास ठेवा. रात्री चार-पाचदा दूध पिणाऱ्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळाची सकाळची वाटी पहिल्यांदा नापास होते. तिथे दुपारच्या झोपेनंतरचं जेवण मुख्य धरा. वर्षानंतर वरचं दूध दिवसाला ५०० मिलीच्या वर नको.

मोबाइलसमोर तोंड उघडतं ते भुकेने नाही. पोट भरल्याची खूण त्याला कळत नाही, आपल्यालाही नाही. बंद केल्यावर ३-४ दिवस खाणं घटतं, हे धरूनच बंद करा. जेवण २०-३० मिनिटं, मग वाटी उचलायची. मध्ये चुरमुरे, बिस्किट, दूध काही नाही. हात धरून, नाक दाबून एकदा भरवलं की पुढचे आठ दिवस चमचा दिसला तरी रडतं. बाळाच्या हातात दुसरा चमचा द्या, थोडं सांडू द्या. नवी चव दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते आणि आपण तिसऱ्या वेळी ‘आवडत नाही’ ठरवून मोकळे होतो. नावडतीचा एक चमचा आणि आवडतीचे चार, एकाच ताटात, निमूटपणे.

अंगणवाडीताई

आणि वजन. पहिल्या सहा महिन्यांचा वेग पुढे राहत नाही. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) वाढीच्या तक्त्यात मधल्या रेषेवरचा मुलगा ६ महिन्यांचा ७.९ किलो, ९ ला ८.९, वर्षाला ९.६, मुलगी ७.३, ८.२, ८.९. म्हणजे ९ ते १२ महिन्यांत जेमतेम पाऊण किलो. रेष तक्त्यावर आपल्या वाटेने चढत असेल तर शेजारच्या बाळाशी ताडू नका. सलग दोन महिने सपाट झाली तर वाढीचं कार्ड घेऊन डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक घासाला खोकला, जेवताना आवाज घोगरा-ओला होणं, नाकातून दूध येणं, हिरवी उलटी, यांना मात्र दोन महिने थांबायचं नाही.

जुलाब झाले तर जेवण बंद करू नका, थोडं-थोडं जास्त वेळा द्या. ओआरएस आणि झिंक (६ महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण). बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसाला एक जेवण जादा.

नदीकाठ

देठ परत ठेवला. मनुका भिजवल्यात. खिमटीच्या भरडीत मूगडाळीऐवजी मसूरडाळ चालेल का?

पुरणयंत्र

चालेल, प्रमाण तेच. मसूर लवकर लाल होते, आच आणखी मंद ठेवा.